पावसाळ्यात दबणारी जमीन : पाण्याचा भार उपग्रहांनी कसा मोजतात

दरवर्षी ऑगस्ट उजाडला की मराठी वर्तमानपत्रांत धरणांच्या पाणीसाठ्याची चौकट छापून येऊ लागते, आणि कोयना, उजनी, जायकवाडी या नावांपुढचे टीएमसीचे आकडे घरोघरी वाचले जातात. यंदा पिण्याला, शेतीला आणि विजेला पाणी पुरेल की नाही, एवढेच आपण त्या आकड्यात पाहतो. तोच आकडा वजनाचाही आहे, हे सहसा ध्यानात येत नाही. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, अर्थात सुमारे २.८३ कोटी घनमीटर. एक घनमीटर पाण्याचे वजन एक टन, म्हणून एक टीएमसी पाणी म्हणजे २.८३ कोटी टन. कोयनेची साठवण क्षमता सुमारे १०५ टीएमसी आहे, तेव्हा काठोकाठ भरलेल्या शिवसागर जलाशयाचे वजन तीन अब्ज टनांच्या घरात जाते. यातला मोठा हिस्सा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सह्याद्रीतल्या एका लांबट, अरुंद खोऱ्यावर चढतो आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत उतरतो. ज्या खडकावर तो चढतो, त्या खडकाचे काय होते?

खडक दबतो. बेसॉल्ट कितीही टणक असला तरी पूर्णपणे ताठ असा पदार्थ निसर्गात नाही. भार पडला की प्रत्येक घन पदार्थ थोडा दबतो आणि भार उतरला की पुन्हा मूळ जागी येतो. भौतिकशास्त्रात याला स्थितिस्थापकता म्हणतात. साखर कारखान्याच्या फाटकाशी असलेला वजनकाटा याच गुणावर चालतो. उसाने भरलेली ट्रॉली काट्यावर उभी राहते तेव्हा फलाटाखालचे पोलादी ठोकळे डोळ्यांना न दिसण्याइतके दबतात. ते किती दबले हे विजेच्या साह्याने मोजले जाते आणि त्यावरून पडद्यावर टनांचा आकडा उमटतो. पृथ्वीच्या बाबतीत पोलादाच्या जागी भूकवच आणि त्याखालचे प्रावरण असते, आणि ते किती दबले हे वाचण्याचे काम अवकाशातले उपग्रह करतात. ही उपमा जवळजवळ शब्दशः खरी आहे, कारण दोन्हीकडे भौतिकशास्त्र एकच आहे. फरक इतकाच की कारखान्याच्या काट्यावर एका वेळी एकच ट्रॉली उभी असते, तर पृथ्वीच्या काट्यावर सगळीकडचे पाणी एकाच वेळी उभे असते, आणि कोणत्या पाण्यामुळे काटा किती हलला हे ओळखणे हीच या शास्त्रातली खरी कसोटी आहे.

आधी आकारमानाचा अंदाज घेऊ. एक मीटर उंचीच्या पाण्याचा दाब सुमारे दहा किलोपास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या दहाव्या हिश्शाएवढा असतो. हा दाब लहानशा तळ्यापुरता असेल तर जमिनीला त्याची जाणीव जवळजवळ होत नाही, कारण भार जितका रुंद पसरलेला असतो साधारण तितक्याच खोलीपर्यंत त्याचा परिणाम पोहोचतो, आणि जितका खोलवरचा खडक दबण्यात भाग घेतो तितकी पृष्ठभागाची एकूण हालचाल मोठी होते. ढोबळ हिशेब असा आहे, की दहा किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळावर एक मीटर पाणी उभे केले तर मध्यभागी जमीन दोनेक मिलिमीटर खाली जाईल. तेच एक मीटर पाणी शंभर किलोमीटर त्रिज्येत पसरले तर ती दोनेक सेंटीमीटर खाली जाईल. म्हणून खोल धरणापेक्षा विस्तीर्ण पूरमैदान जमिनीला अधिक दाबू शकते, ही पहिल्यांदा ऐकताना विचित्र वाटणारी गोष्ट अगदी खरी आहे.

कोयनेचाच हिशेब पाहू. एका मोसमात ८० टीएमसी पाणी चढले असे धरले आणि ते सारे एकाच बिंदूवर एकवटले आहे असे मानले, तर त्या बिंदूपासून वीस किलोमीटरवरची जमीन तीनेक मिलिमीटर खाली जायला हवी. अंतर दुप्पट झाले की हालचाल निम्मी होते, तेव्हा शंभर किलोमीटरवर ती अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास उरते. प्रत्यक्षात शिवसागर सुमारे पन्नास किलोमीटर लांब पसरलेला आहे, त्यामुळे काठाजवळ हा एकबिंदूचा हिशेब चालत नाही आणि जलाशयाचा खरा आकार घेऊन गणित मांडावे लागते. जमीन नुसती खालीच जाते असेही नाही; भोवतालचे बिंदू किंचित भाराच्या दिशेने सरकतात, जसे गादीवर कोणी बसले की भोवतीच्या चादरीच्या सुरकुत्या त्याच्याकडे ओढल्या जातात. ही आडवी हालचाल उभ्या हालचालीपेक्षा लहान असते, परंतु भार कोणत्या बाजूला आहे हे तीच सांगते, म्हणून अभ्यासकांच्या दृष्टीने तिचे मोल फार आहे.

असे काही घडते हे उपग्रहांच्या आधीही ठाऊक होते. अमेरिकेत कोलोरॅडो नदीवरच्या हूव्हर धरणामागे १९३५ पासून लेक मीड हा प्रचंड जलाशय भरू लागला, तेव्हा तेथील सर्वेक्षकांनी दुर्बीण आणि पट्ट्या घेऊन पातळीमापनाच्या रेषा पुन्हा पुन्हा मोजल्या. १९५० पर्यंत जलाशयाखालचा प्रदेश सुमारे सतरा सेंटीमीटर खाली गेल्याचे त्यातून दिसले. मात्र अशी एक मोजणी करायला माणसांना महिनोन्महिने डोंगर तुडवावे लागत. वर्षाकाठी एकदा वर आणि एकदा खाली होणारी मिलिमीटरांची हालचाल अशा पद्धतीने पकडणे शक्य नव्हते, कारण रेषेचे एक टोक मोजून दुसऱ्या टोकाशी पोहोचेपर्यंत ऋतूच बदललेला असे.

हे चित्र पालटले ते कायमस्वरूपी जीपीएस केंद्रांमुळे. मोबाइलमधल्या जीपीएसचा अंदाज काही मीटरने चुकतो, म्हणून मिलिमीटरची भाषा ऐकून वाचकाला शंका येणे साहजिक आहे. मोबाइल उपग्रहाच्या संदेशातली सांकेतिक वेळ वाचून अंतर काढतो; शास्त्रीय ग्राहकयंत्र त्यापुढे जाऊन संदेश वाहून आणणाऱ्या रेडिओलहरीच मोजते. ती लहर सुमारे १९ सेंटीमीटर लांबीची असते आणि तिचा शंभरावा हिस्सासुद्धा यंत्राला ओळखता येतो. अँटेना खडकात रोवलेल्या खांबावर पक्की बसवलेली असते, वीस हजार किलोमीटर उंचीवरून जाणाऱ्या अनेक उपग्रहांचे संदेश ती दिवसभर टिपते, आणि त्या सगळ्यांतून त्या दिवसापुरते एक स्थान काढले जाते. असे एका दिवसाचे स्थान आडव्या दिशेत एक-दोन मिलिमीटर आणि उभ्या दिशेत पाचेक मिलिमीटर इतके अचूक असते. उभी दिशा कच्ची राहते, कारण उपग्रह फक्त डोक्यावरच्या बाजूला असतात, पायाखालून कोणीच संदेश पाठवत नसते. एकाच दिवसाच्या आकड्यावर विसंबता येत नाही. परंतु दहा वर्षांचे साडेतीन हजार दिवस एकापुढे एक मांडले की गोंगाट मावळतो आणि वर्षाला एकदा उठणारी, एकदा बसणारी लाट स्वच्छ दिसू लागते.

भारतात हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था, अर्थात एनजीआरआय, आणि बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था येथील केंद्रे आंतरराष्ट्रीय जाळ्यात दीर्घकाळ आहेत. अलीकडे भारतीय सर्वेक्षण विभागाने देशभर कायमस्वरूपी केंद्रांचे जाळे उभारले असून महाराष्ट्रात भूमी अभिलेख विभागाची जमीनमोजणी त्यांच्याच आधारे रोव्हरने, म्हणजे काठीवर बसवलेल्या फिरत्या जीपीएस यंत्राने, होऊ लागली आहे. बांधावर काठी रोवून काही क्षणांत हद्दीचा बिंदू घेणाऱ्या मोजणीदाराला ज्या केंद्रांकडून दुरुस्ती मिळते, तशीच केंद्रे वर्षानुवर्षे एका जागी उभी राहून पावसाळ्याचे वजनही नोंदवू शकतात, हे मला या साऱ्या व्यवस्थेचे फार सुंदर अंग वाटते.

जगात ही लाट सर्वांत मोठी कोठे दिसते? ब्राझीलमध्ये, ॲमेझॉनच्या खोऱ्यात. मानाउस शहराजवळ नदीची पातळी दरवर्षी दहा मीटरहून अधिक चढते आणि उतरते, आणि किनाऱ्यालगतची जंगले शेकडो किलोमीटर पाण्याखाली जातात. तेथील जीपीएस केंद्राच्या नोंदींवरून २००५ मध्ये असे दाखवण्यात आले, की जमीन दरवर्षी पाच ते साडेसात सेंटीमीटर खाली जाते आणि पुन्हा वर येते. नदी फुगलेली असताना जमीन सर्वांत खाली असते, आणि नदी आटते तेव्हा सर्वांत वर. नदीच्या पातळीचा आलेख आरशात उलटा पाहावा तसा जमिनीचा आलेख दिसतो. पाण्याने अख्खा प्रदेश दबतो याचा याहून स्वच्छ पुरावा क्वचितच मिळेल.

आपल्या शेजारी बांगलादेशात हेच घडते. गंगा, ब्रह्मपुत्रा आणि मेघना यांचे पाणी पावसाळ्यात एकत्र येते, सखल प्रदेश महिनोन्महिने जलमय राहतो, आणि त्याखालचे भूजलही भरते. तेथील नद्यांच्या पातळ्या, जीपीएस आणि गुरुत्वमापक उपग्रह यांची एकत्र मांडणी करणाऱ्या २०१० च्या अभ्यासात मोसमी पाण्याचे वजन १०० अब्ज टनांहून अधिक, आणि जमिनीची हालचाल सहा सेंटीमीटरपर्यंत असल्याचे दिसले. तेहतीस-चौतीस कोयना जलाशय एका देशावर ठेवून चार-सहा महिन्यांनी उचलून घ्यावेत, असा हा प्रकार आहे.

वर ज्या गुरुत्वमापक उपग्रहांचा उल्लेख आला, ते जमिनीची हालचाल मोजतच नाहीत; ते थेट वजन मोजतात. ग्रेस या नावाची उपग्रहांची जोडी मार्च २००२ मध्ये सोडण्यात आली आणि २०१७ पर्यंत तिने काम केले. मे २०१८ पासून तिची वारसदार जोडी तेच काम पुढे चालवत आहे. दोन सारखे उपग्रह एकाच कक्षेत एकामागोमाग सुमारे २२० किलोमीटर अंतर ठेवून फिरतात. पुढचा उपग्रह पाण्याने जड झालेल्या प्रदेशाजवळ येतो तेव्हा त्या वस्तुमानाच्या ओढीने तो किंचित पुढे खेचला जातो आणि दोघांमधले अंतर वाढते. मग मागचा तेथे पोहोचतो आणि अंतर पुन्हा बदलते. हा बदल मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शांत मोजला जातो. महिनाभराच्या फेऱ्यांतून पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाचा एक नकाशा तयार होतो, आणि दोन महिन्यांच्या नकाशांतला फरक प्रामुख्याने पाण्याचा असतो, कारण डोंगर महिन्याभरात जागा सोडत नाहीत. पंजाब, हरियाणा, दिल्ली आणि राजस्थान या पट्ट्यात २००२ ते २००८ या काळात सुमारे १०९ घनकिलोमीटर भूजल कमी झाल्याचे याच उपग्रहांच्या नोंदींवरून २००९ मध्ये जगापुढे आले.

ग्रेसची मर्यादा तिच्या दृष्टीच्या भरडपणात आहे. सुमारे तीनशे किलोमीटरहून लहान प्रदेश तिला वेगळा ओळखता येत नाही. अख्खे कृष्णा खोरे तिला दिसते, कोयना जलाशय दिसत नाही. येथे जीपीएस तिला पूरक ठरते. ग्रेसने दिलेले वजन घ्यायचे, पृथ्वीच्या स्थितिस्थापकतेचे गणित वापरून त्याने एखाद्या केंद्राखालची जमीन किती दबायला हवी ते काढायचे, आणि जीपीएसने प्रत्यक्ष काय मोजले त्याच्याशी ते ताडून पाहायचे. हे गणित ज्या कोष्टकांवर आधारलेले आहे ती विल्यम फॅरेल या शास्त्रज्ञाने १९७२ मध्ये प्रसिद्ध केली. पृष्ठभागावर एक किलो वजन ठेवले तर इतक्या अंतरावर जमीन किती हलेल, हे भूकंपलहरींवरून ठाऊक असलेल्या पृथ्वीच्या अंतर्रचनेच्या आधारे त्याने मांडले. पन्नास वर्षांनंतरही या क्षेत्रातला प्रत्येक हिशेब त्याच वाटेने जातो.

आता वर ज्या कसोटीचा उल्लेख केला तिच्याकडे येऊ. जीपीएसच्या आलेखावर वर्षाला एकदा वर-खाली होणारी लाट दिसली की ती पाण्याच्या भाराचीच आहे असे मानण्याचा मोह होतो, आणि तो मोह आवरायला हवा. वर्षाच्या लयीत बदलणाऱ्या गोष्टी अनेक आहेत. हवेचे वजन त्यांपैकी एक. उत्तर भारतात हिवाळ्यात हवेचा दाब जास्त असतो आणि पावसाळ्याच्या सुमारास तो दहा-पंधरा हेक्टोपास्कलने उतरतो. एक हेक्टोपास्कल म्हणजे एक सेंटीमीटर पाण्याइतका भार, तेव्हा पाऊस जमिनीवर पाणी चढवत असतानाच वातावरण दहा-पंधरा सेंटीमीटर पाण्याइतके वजन उतरवत असते. उन्हाळ्यात काँक्रीटचा खांब आणि त्याखालचा खडक तापून किंचित वाढतो. पावसाळी हवेतली वाफ उपग्रहाच्या लहरींना उशीर लावते, आणि तो उशीर नीट वजा झाला नाही तर जमीन खाली-वर झाल्याचा भास होतो. आणखी एक बारकावा असा, की जीपीएस उपग्रहांच्या कक्षा सूर्याच्या संदर्भात पुन्हा त्याच स्थितीत येण्याचा काळ सुमारे ३५१ दिवसांचा आहे; कक्षांच्या हिशेबातली चूक त्याच लयीने आलेखात शिरते, आणि ३५१ व ३६५ दिवसांच्या लाटा वेगळ्या करायला बऱ्याच वर्षांची अखंड नोंद लागते. दोन-तीन वर्षांच्या आलेखावरून ठाम निष्कर्ष काढणाऱ्याकडे म्हणूनच सावधपणे पाहावे.

महाराष्ट्रापुरती एक गोष्ट या यादीत आवर्जून घालावी लागते, ती काळ्या मातीची. विदर्भ, मराठवाडा आणि सोलापूर पट्ट्यातल्या शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही, की काळी जमीन उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा टाकते आणि पाऊस पडला की फुगून त्या भेगा मिटवते. काळ्या रानात उथळ पायावर बांधलेल्या घरांच्या भिंती याच कारणाने तडकतात. अशा मातीवर अँटेनेचा खांब उभा केला तर पावसाळ्यात तो वर उचलला जाईल, म्हणजे पाण्याच्या भाराने अपेक्षित असलेल्या हालचालीच्या नेमका उलट, आणि तोही मिलिमीटरांत नव्हे तर सेंटीमीटरांत. खांब मुरुमाच्याही खाली, अखंड खडकात रोवायचा, हा नियम या प्रदेशात फार कसोशीने पाळावा लागतो.

मातीचेच मोठे रूप म्हणजे भूजल. वाळू आणि चिकणमातीच्या जाड थरांत पाणी शिरले की कणांमधला पाण्याचा दाब वाढतो, थर फुगतो आणि जमीन वर येते. पाणी उपसले की थर दबतो आणि जमीन खाली बसते. कॅलिफोर्नियातल्या सांता आना खोऱ्यात अशी मोसमी हालचाल साडेपाच सेंटीमीटरपर्यंत असल्याचे २००१ मध्ये दाखवले गेले. दिल्लीच्या विमानतळालगतच्या कापसहेडा भागात तर बेसुमार उपशामुळे जमीन काही वर्षे दरसाल दहा सेंटीमीटरहून अधिक वेगाने खचत असल्याचे रडार उपग्रहांनी टिपले, आणि ती खच मोसमासोबत परत येणारी नाही. म्हणजे पाणी वाढले की जमीन खाली जाते हेही खरे, आणि पाणी वाढले की जमीन वर येते हेही खरे. पहिली क्रिया खोल खडकाची आणि शेकडो किलोमीटर पसरणारी, दुसरी वरच्या सच्छिद्र थराची आणि त्या थरापुरती मर्यादित. दोन्ही ओळखण्याची खूण याच फरकात आहे. शेजारच्या दहा केंद्रांनी एकच लय दाखवली तर भार समजावा. एकच केंद्र उलट्या दिशेने गेले तर त्याच्या पायाखाली जलधर, म्हणजे पाणी धरणारा सच्छिद्र थर, आहे का ते आधी पाहावे. दख्खनच्या कातळात जाड वाळूचे थर नसल्याने हा दुसरा परिणाम तेथे सहसा लहान राहतो, तर गंगेच्या गाळात दोन्ही परिणाम एकमेकांत गुंतलेले असतात.

अशा ठिकाणी केंद्रांमधली मोकळी जागा भरून काढतो तो रडार उपग्रह. युरोपचा सेंटिनेल-१ हा २०१४ पासून दर बारा दिवसांनी त्याच वाटेने जातो, सुमारे साडेपाच सेंटीमीटर लांबीच्या लहरी जमिनीवर सोडतो आणि परत आलेली लहर कोणत्या टप्प्यावर आहे, म्हणजे तिचा माथा की तळ, हे प्रत्येक ठिपक्यासाठी नोंदवतो. दोन फेऱ्यांमधला हा फरक काढला की जमीन उपग्रहाच्या दिशेने किती सरकली ते कळते. लहर जाऊन-येऊन प्रवास करते म्हणून जमीन पावणेतीन सेंटीमीटर हलली की रंगांचे एक पूर्ण वर्तुळ उमटते. या पद्धतीला इन्सार म्हणतात. एका जीपीएस केंद्राच्या जागी लाखो ठिपके मिळतात, ही तिची ताकद. तिचे दुखणे असे, की ती सारे काही एका निवडलेल्या संदर्भबिंदूच्या तुलनेत मोजते. अख्खा प्रदेशच एक सेंटीमीटर खाली गेला तर संदर्भबिंदूही खाली जातो आणि चित्रात काहीच दिसत नाही. त्यामुळे गंगेच्या मैदानाचे विस्तीर्ण दबणे इन्सारला एकटीने पकडणे अवघड; धरणाभोवतीचे पन्नास किलोमीटरांतले दबणे मात्र तिच्या आवाक्यात येते.

टिहरी हे त्याचे आपल्याकडचे उदाहरण. भागीरथीवरचे हे २६० मीटर उंचीचे धरण हिमालयाच्या कुशीत आहे आणि त्यातली पाण्याची पातळी वर्षभरात ७४० ते ८३० मीटर यांच्या दरम्यान हलते. नव्वद मीटर उंचीचे पाणी दरवर्षी चढते आणि उतरते, आणि तेही जेथे खडक आधीच भूकंपाच्या ताणाखाली आहे अशा ठिकाणी. भारतीय शास्त्रज्ञांनी जीपीएस आणि इन्सार दोन्ही लावून या जलाशयाच्या भरण्या-रिकामे होण्याने भोवतालची जमीन हलते हे मोजले आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध केले.

हिमालयातल्या मोसमी हालचालीची गोष्ट टिहरीपुरती थांबत नाही. नेपाळमधली जीपीएस केंद्रे पावसाळ्यात गंगेच्या मैदानावर चढलेल्या पाण्याने दबतात आणि हिवाळ्यात वर येतात, आणि त्याच नेपाळमध्ये लहान भूकंपांची संख्या हिवाळ्यात पावसाळ्यापेक्षा ठळकपणे जास्त असते. पाण्याचा भार उतरल्याने खडकातला ताण ज्या प्रमाणात बदलतो ते प्रमाण अवघे काही किलोपास्कल आहे. एका मोठ्या भूकंपात मोकळा होणारा ताण त्याच्या शेकडो पट असतो. तरीही, तुटण्याच्या बेतात आलेल्या भेगेला एवढाही धक्का पुरतो, असा या निरीक्षणाचा अर्थ लावला जातो. यातून भूकंपाचे भाकीत करता येत नाही हे स्पष्ट सांगितले पाहिजे, कारण असे दावे फार लवकर पसरतात. निसर्गाने स्वतःच दरवर्षी केलेला एक प्रयोग म्हणून त्याचे महत्त्व आहे: ताण किती वाढवला की भूकंपांची संख्या किती बदलते, हे माणसाला इतक्या मोठ्या खडकावर स्वतः करून पाहता आले नसते.

कोयनेच्या परिसरात हा प्रश्न केवळ शास्त्रीय कुतूहलाचा नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ तीव्रतेच्या भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त केले, आणि धरणाच्या पाण्याशी संबंध जोडल्या गेलेल्या जगातल्या भूकंपांत तो आजही सर्वांत मोठा मानला जातो. तेव्हापासून तेथे लहानमोठे धक्के बसतच आहेत, आणि त्यांचे प्रमाण जलाशयांच्या भरण्या-उतरण्याशी निगडित असल्याचे अभ्यासांतून पुढे आले आहे. पाणी येथे दोन वाटांनी काम करते. एक वाट भाराची: वजन चढताच खडक लगेच दबतो. दुसरी वाट झिरपण्याची: पाणी भेगांतून हळूहळू खोल जाते, तेथला दाब वाढवते आणि भेगेच्या दोन्ही बाजूंना एकमेकींवर घट्ट धरून ठेवणारी पकड सैल करते, याला आठवडे ते महिने लागतात. जमिनीची मोसमी हालचाल मोजण्याचा येथे थेट उपयोग असा, की पहिल्या वाटेचा वाटा अचूक काढून बाजूला ठेवता येतो आणि उरलेल्या बदलांत दुसरी वाट शोधता येते. कराडजवळ हजारमाची येथे याच अभ्यासासाठी एक प्रयोगशाळा उभी राहिली असून, भूकंप जेथे जन्म घेतात त्या ग्रॅनाइटी पायापर्यंत पोहोचण्यासाठी बेसॉल्टचे थर भेदून तीन किलोमीटर खोलीचे प्राथमिक छिद्र घेण्यात आले आहे.

काटा उलटाही वाचता येतो. पाण्यावरून जमिनीची हालचाल काढण्याऐवजी जमिनीच्या हालचालीवरून पाणी काढायचे. २०१४ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या शेकडो जीपीएस केंद्रांवरून असे दिसले, की दुष्काळामुळे तेथील जमीन सरासरी चार मिलिमीटर, आणि कॅलिफोर्नियाच्या डोंगरांत पंधरा मिलिमीटरपर्यंत वर आली आहे. त्यावरून सुमारे २४० अब्ज टन पाण्याची तूट निघाली, म्हणजे त्या साऱ्या प्रदेशावर पसरलेला दहा सेंटीमीटर जाडीचा पाण्याचा थर नाहीसा झाला होता. डोंगरातले बर्फ, ओलावा आणि भूजल मोजायला विहिरी नव्हत्या. जमिनीच्या उठण्यानेच त्यांचा हिशेब दिला. सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाळ्यात किती पाणी मुरते आणि ते किती दिवस टिकून राहते, याचेही उत्तर या मार्गाने मिळू शकेल असे मला मनापासून वाटते, कारण तेथील झरे डिसेंबरात आटतात की मार्चपर्यंत वाहतात यावर पायथ्याच्या कित्येक वाड्यांचे पाणी अवलंबून असते.

त्यासाठी लागणारे एक साधन आता हाताशी आले आहे. भारताची इस्रो आणि अमेरिकेची नासा यांनी मिळून बांधलेला निसार हा उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडण्यात आला. त्यावर दोन रडार आहेत, आणि त्यांपैकी एकाची लहर सुमारे २४ सेंटीमीटर लांबीची आहे. सेंटिनेलची आखूड लहर कोकण आणि सह्याद्रीच्या दाट झाडोऱ्यात पानांवरूनच परतते, आणि पावसाळ्यानंतर सारे हिरवे झाले की दोन फेऱ्यांची चित्रे एकमेकांशी जुळेनाशी होतात. लांब लहर पानांतून बऱ्याच अंशी पार होऊन जमिनीपर्यंत पोहोचते. हा उपग्रहही दर बारा दिवसांनी त्याच जागेवर येतो. मे महिन्याच्या अखेरीस शिवसागर तळाला गेलेला असताना घेतलेले चित्र आणि ऑक्टोबरात तो भरलेला असतानाचे चित्र यांची वजाबाकी केली, त्यातून वाफेचा आणि काळ्या मातीचा हिस्सा वेगळा काढला, आणि खडकातल्या जीपीएस केंद्रांच्या आकड्यांशी ती बांधून घेतली, तर वर्तमानपत्राच्या चौकटीतला टीएमसीचा आकडा जमिनीच्या उताराच्या रूपात समोर येईल: जलाशयाच्या कडेला सर्वांत खोल, आणि दोन्ही बाजूंच्या डोंगररांगांपलीकडे हळूहळू शून्याकडे जाणारा.